ख्रिस्ती व्हायचंय? मग बाप्तिस्म्याच्या तारखेआधी पुढच्या सगळ्या आयुष्याचा हिशोब मांडा

आमच्या सांगली-मिरजेकडं चर्चमध्ये नवीन येणारा माणूस दोन-तीन रविवार मागच्या बाकावर बसतो आणि मग पाळकसाहेबांना (चर्चच्या धर्मगुरूंना) गाठून पहिला प्रश्न विचारतो, बाप्तिस्मा (ख्रिस्ती होताना पाण्यानं करतात तो विधी) कधी मिळेल? कुणी विचारतं किती दिवस लागतात, कुणी विचारतं सर्टिफिकेट लगेच मिळतं का. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत काय करावं लागणार हे मात्र सहसा कुणी विचारत नाही, आणि खरं काम तर तेच आहे. मी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समूहात, बाप्तिस्मा वर्गाला मदत करतो, तिथं जे बोलतो तेच इथं सविस्तर लिहितोय, म्हणजे ज्यांच्या मनात हा विचार चालू आहे त्यांना निवांत वाचता येईल.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) १४ वा अध्याय आधी काढून वाचा. येशूच्या मागं मोठी गर्दी चाललेली असते, आणि तो वळून त्यांना काय म्हणतो तर बुरूज बांधायचाय तर आधी बसून खर्चाचा हिशोब करा, पाया घालून काम अर्धवट राहिलं तर बघणारे हसतील. माणसं आपणहून मागं येतायत आणि हा त्यांना थांबवून विचार करायला लावतोय. त्यामुळं कुणी तुम्हाला "आजच निर्णय घ्या, उद्याचं काय सांगावं" म्हणून घाई करत असेल तर शांतपणे सांगा की येशूनंच थांबून हिशोब करायला सांगितलंय.

पहिलं काम : आपण का आलोय ते स्वतःशी खरं बोला

बहुतेक लोकं चर्चमध्ये येतात ती दुखण्यामुळं. कुणाच्या पोटाचं दुखणं, कुणाला बाहेरचं झालंय असं वाटत असतं, कुणाच्या घरात दारू. शेजारची बाई म्हणते चल प्रार्थनेला, प्रार्थना होते, बरं वाटतं, आणि मग घरात ठरतं की आता आपण ख्रिस्ती व्हायचं. यात वाईट काही नाही, शुभवर्तमानातसुद्धा आंधळे, लंगडे, रक्तस्रावाची बाई असेच आलेत येशूकडं. पण लूकच्या १७ व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि परत येतो एकच, ते पण बघा. बरं होणं वेगळं आणि मागं चालणं वेगळं.

म्हणून मी प्रत्येकाला हा प्रश्न विचारतो, उद्या हेच दुखणं परत आलं तर? नवस बोलला, फेडला आणि मोकळं झालो असा हा व्यवहार नाहीये. येशूचा प्रेषित पौल, त्याच्या शरीरात एक काटा होता, त्यानं तीनदा विनवणी केली आणि तो काटा निघाला नाही, करिंथकरांना लिहिलेल्या, बायबलमधल्या दुसऱ्या पत्रात १२ व्या अध्यायात त्यानं स्वतः लिहिलंय. दुखणं तसंच राहिलं तरी मी येशूला सोडणार नाही, असं म्हणता येत असेल तर पुढं या. आज म्हणता येत नसेल तर प्रार्थनेला येत रहा, कोण तुम्हाला हाकलत नाही, पण बाप्तिस्म्याची घाई नको.

आणि याच्याशी जोडून एक गोष्ट, ही मी अगदी कळकळीनं सांगतो. शुगरच्या, बीपीच्या, फिटच्या गोळ्या प्रार्थना झाली म्हणून बंद करायच्या नाहीत. आपल्या भागात ख्रिस्ती काम वाढलं ते दवाखान्याच्या जोडीनं, मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलं, आणि तिथं प्रार्थना पण व्हायची आणि ऑपरेशन पण. विश्वास कमी म्हणून गोळी लागते असं कुणी सांगत असेल तर त्या सभेतून उठून या.

दुसरं कारण लग्न. मुलगी किंवा मुलगा ख्रिस्ती आहे म्हणून बाप्तिस्मा घ्यायचा असं असेल तर थांबा, कारण लग्नासाठी त्याची कायद्यानं गरज नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं दोघं आपापल्या धर्मात राहून लग्न करू शकतात, आणि १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यातही दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी चालतं. चर्चचे स्वतःचे नियम वेगळे असतील ते विचारून घ्या. सासरच्यांना खूश करायला घेतलेला बाप्तिस्मा दोन वर्षांत नवरा-बायकोच्या भांडणात टोमणा होऊन बाहेर येतो.

तिसरं, पैसा, नोकरी, शाळेची फी. असं कुणी देतो म्हणालं तर घेऊ नका आणि त्या माणसापासून लांब रहा, ते देवाच्या दृष्टीनं खोटं आणि कायद्याच्या दृष्टीनं धोक्याचं.

आणि शेवटचं कारण, जे खरं कारण आहे ते म्हणजे येशू कोण आहे हे कळलं, त्याच्या प्रेमानं मन धरलं, आपली पापं आपल्याला दिसली आणि क्षमा हवीशी वाटली. हे सांगायला मोठी भाषा लागत नाही. वर्गात एक आजी होत्या, अक्षरओळख नाही, त्या एवढंच म्हणाल्या, "मला कुणी माणसात धरत नव्हतं, यानं धरलं, आता मी ह्याला सोडत न्हाई." पाळकसाहेबांनी पुढं एक शब्द विचारला नाही.

दुसरं काम : वाचा, नाहीतर ऐका

मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, घ्या. एकदम उत्पत्तीपासून सुरू करून लेवीयमध्ये अडकणारे खूप असतात, तसं करू नका. मार्कपासून सुरू करा, १६ च अध्याय आहेत, एका आठवड्यात होतं. मग लूक, मग प्रेषितांची कृत्ये, मग रोमकरांस पत्र. स्तोत्रं रोज एक वाचा, १५० आहेत. सगळं शास्त्र मिळून १,१८९ अध्याय होतात, रोज तीन वाचले तर तेरा महिने लागतात, म्हणजे अशक्य काही नाही (कॅथलिक बायबलमध्ये ६६ ऐवजी ७३ पुस्तकं असतात, त्यांचं जरा जास्त होईल). वाचता येत नसेल तर मोबाईलवर मराठी ऑडिओ बायबल फुकट मिळतं, उसाला पाणी पाजताना कानात लावून ऐकणारी माणसं मला माहीत आहेत.

मत्तयचे ५, ६, ७ हे तीन अध्याय मात्र कमीत कमी दहा वेळा वाचा. डोंगरावरचं प्रवचन म्हणतात त्याला. वैऱ्यावर प्रीती करा, रागानं भावाला शिवी देऊ नका, परस्त्रीकडं वाईट नजरेनं बघू नका, दान गाजावाजा न करता द्या, देव आणि पैसा दोघांची चाकरी होत नाही. प्रत्येक ओळीपुढं स्वतःच्या आयुष्यातली एक गोष्ट लिहा. बांधावरून ज्या चुलतभावाशी दहा वर्षं बोलणं नाही त्याचं नाव तिथं लिहावं लागेल. ते लिहिताना हात अडखळला तर समजा की हिशोब नीट चाललाय.

तिसरं काम : मंडळी बघून घ्या, वर्षभर तरी

ख्रिस्ती जीवन एकट्यानं घरात बसून होत नाही, मंडळी लागतेच. पण सगळी चर्च सारखी नाहीत हे नवीन माणसाला माहीत नसतं. आपल्याकडं जुन्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या परंपरेतल्या मंडळ्या आहेत, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची चर्चेस आहेत (अनेक जुनी चर्च एकत्र येऊन १९७० साली नागपुरात ही स्थापन झाली), कॅथलिक चर्च आहेत, पेंटेकॉस्टल आणि स्वतंत्र प्रार्थनाघरं तर गल्लोगल्ली. कुठं डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात, कुठं नदीत किंवा हौदात पूर्ण बुडवून. कॅथलिक चर्चमध्ये मोठ्या माणसाला बऱ्याच महिन्यांची तयारी करावी लागते आणि शक्यतो ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेत बाप्तिस्मा होतो. मुक्तिफौजेत (साल्वेशन आर्मीत) तर बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) हे विधीच नाहीत, तिथं झेंड्याखाली उभं राहून करार करतात.

निवडताना गाणी किती जोरात आहेत ते बघू नका. हे बघा : पैशाचा हिशोब सभासदांपुढं मांडतात का. पाळक कुणाला जबाबदार आहेत, का सगळं एकाच घरात. दुसऱ्या धर्माला शिव्या देऊन संदेश देतात का, देत असतील तर तिथं बसू नका. बायकापोरींशी कसं वागतात. म्हातारी आजारी सभासद घरी पडलेली असतात त्यांना भेटायला कोण जातं.

आणि हे पण आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर धक्का बसायला नको. चर्चमध्ये भांडणं असतात. जागेवरून, निवडणुकीवरून, कमिटीवरून, कधीकधी कोर्टापर्यंत. जातपण पूर्ण गेलेली नाही, लग्न जमवताना बाहेर येतेच, आणि गलतीकरांच्या पत्रात ३ ऱ्या अध्यायात यहुदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही, दास नाही, स्वतंत्र नाही, तुम्ही सगळे ख्रिस्तात एक, असं स्वच्छ लिहिलेलं असताना हे होतं याचं मला फार दुःख आहे. तुम्ही माणसांकडं बघून येणार असाल तर वर्षात परत जाल. वर्षभर सगळं बघून, सगळं माहीत होऊन पण ज्याला यावंसं वाटतं तो टिकतो.

चौथं काम : घर

हे सगळ्यात अवघड आहे आणि यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या.

चोरून बाप्तिस्मा घेऊन नंतर घरच्यांना दुसऱ्याकडून कळणं यासारखं वाईट काही नाही. आईबापांना आधी तुमच्याच तोंडून कळलं पाहिजे. एका दमात सांगू नका. आधी मी रविवारी चर्चला जातो एवढं सांगा, मग काय वाचतो ते सांगा, ती चिडतील, रडतील, बोलणं बंद करतील. सहन करा, उलटं बोलू नका. आईबापाचा मान राख ही दहा आज्ञांमधली आज्ञा आहे, ती ख्रिस्ती झाल्यावर रद्द होत नाही, उलट जास्त लागू होते. (घरातून जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा पाळकांशी आणि वकिलाशी आधी बोला.)

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं उदाहरण घ्या, आपल्या मराठी माणसाला ते जवळचं. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तो एवढा मोठा धक्का होता की पुढं काही वर्षं दोघं वेगळे राहिले. मग लक्ष्मीबाई परत आल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत, सोवळंओवळं सांभाळत हळूहळू स्वतःच्या विचारानं आल्या आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या वर्षांत त्यांनी किती सोसलं असेल, विचार करा. नवरा-बायकोपैकी एकानंच निर्णय घेतला असेल तर पौलाचा सल्ला करिंथकरांच्या पहिल्या पत्रात ७ व्या अध्यायात आहे, विश्वास न ठेवणारा जोडीदार नांदायला तयार असेल तर त्याला सोडू नये. जबरदस्ती, भावनिक दबाव, "तू नाही आलीस तर नरकात जाशील" असलं बोलणं, यातलं काहीही करायचं नाही.

आता जत्रा, कुलदैवत, देव्हारा. पालचा खंडोबा, मांढरदेवची काळूबाई, जोतिबा, म्हसोबा, प्रत्येक घराचं काहीतरी असतंच. वडिलोपार्जित घरातले टाक आणि मूर्ती तुमच्या एकट्याच्या नाहीत, त्या उचलून कृष्णेत सोडायचा तुम्हाला अधिकार नाही. तुमच्या खोलीत तुम्ही काय करता तेवढंच तुमचं.

तासगावकडचा एक पोरगा होता, द्राक्षबाग असलेल्या घरातला, थोरला मुलगा. जत्रेच्या दिवशी नैवेद्याचं ताट तोच न्यायचा. त्यानं जत्रेच्या महिनाभर आधी आईला सांगितलं की आई, या वर्षी ताट मी नेणार नाही, पण बाकी सगळं काम माझं. आई म्हणाली, मग काय तोंड दाखवू भावकीला? तो गप्प बसला. जत्रेच्या दिवशी पहाटे चारला उठून त्यानं चूल पेटवली, पाण्याच्या घागरी भरल्या, पै-पाहुण्यांना पंगतीत वाढलं, रात्री खरकटी भांडी घासली, ताट मात्र धाकट्यानं नेलं. भावकीत दोन वर्षं कुजबुज झाली. तिसऱ्या वर्षी आईच म्हणाली, तो देवाला येत न्हाई पण माझ्या हाताखाली तोच असतोय. वाद घालून हे झालं नसतं.

प्रसादाचं काय, हा प्रश्न तर प्रत्येक वर्गात येतो. करिंथ गावात पण हाच प्रश्न होता, मूर्तीला वाहिलेलं मांस खावं का, आणि पौलानं पहिल्या पत्रात ८ आणि १० असे दोन अध्याय त्यावर घातलेत. त्यातून माझं मत असं झालंय की पूजेत भाग घ्यायचा नाही, पण कुणाच्या घरी प्रेमानं वाढलेलं जेवण नाकारून माणसाला तोडायचं नाही. काही मंडळ्या याबाबत जास्त कडक आहेत. तुमच्या पाळकांशी बोला, आणि एकदा ठरवलं की दरवर्षी तसंच वागा, यंदा एक आणि पुढच्या वर्षी दुसरं असं केलं की घरच्यांचा विश्वास जातो.

पाचवं काम : कागद

याबद्दल चर्चमध्ये फार कमी बोललं जातं आणि मग लोकं अडचणीत येतात. राज्यघटनेच्या कलम २५ नं प्रत्येकाला धर्म मानायचं, पाळायचं स्वातंत्र्य दिलंय. तरी धर्मांतराविषयीचे कायदे राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि बदलत असतात, म्हणून बाप्तिस्म्याआधी आपल्याकडं त्या वेळी काय नियम आहे, कुणाला कळवावं लागतं का, हे वकिलाला विचाराच.

बाप्तिस्मा म्हणजे चर्चच्या रजिस्टरमधली नोंद. सरकारी कागदावर धर्म बदलायचा असेल तर राजपत्रात प्रसिद्धी ही वेगळी पायरी आहे.

अनुसूचित जातीच्या दाखल्याचा विषय नीट समजून घ्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) यांनाच मिळतो, ख्रिस्ती झालेल्याला नाही. सुप्रीम कोर्टात यावर बरीच वर्षं वाद आहे, पण आज नियम हा आहे. म्हणजे शिक्षणाची सवलत, नोकरी, राखीव जागेवरचं सरपंचपद, सगळ्याचा प्रश्न येतो. हा नियम मला स्वतःला अन्यायाचा वाटतो, कारण धर्म बदलला म्हणून गावानं हिणवणं थांबत नाही. पण चर्चमध्ये एक आणि कचेरीत दुसरं असं आयुष्यभर जगणं मनाला पोखरतं, आणि घरातल्या पोराच्या शिक्षणावर परिणाम होणार असेल तर तो निर्णय सगळ्या घरानं बसून घ्यायचाय. अनुसूचित जमातीला त्या आदेशातली ही धर्माची अट नाही.

हिंदू विवाह कायद्यात (१९५५) जोडीदारानं धर्म बदलला तर दुसऱ्याला घटस्फोट मागता येतो. हिंदू वारसा कायद्यात (१९५६) धर्म बदललेल्या माणसाचा स्वतःचा वारसा हक्क त्यामुळं जात नाही, पण त्यानंतर जन्मलेल्या त्याच्या मुलांना, वारसा उघडताना ती स्वतः हिंदू नसतील तर, हिंदू नातेवाइकांच्या मिळकतीत वारस म्हणून हक्क राहत नाही, कलम २६ बघा. शेतीवाडी असलेल्यांनी हे वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय पुढं जाऊ नये.

तो दिवस

याबद्दल जास्त सांगायला नको. पांढरे कपडे, पाणी, पाळकांचे प्रश्न : पापाचा त्याग करता का, येशू ख्रिस्ताला प्रभू आणि तारणारा मानता का, आयुष्यभर त्याच्यामागं चालाल का. "होय" म्हणायच्या आधी ते प्रश्न घरी आठवडाभर रोज वाचा. नाव बदलायची सक्ती नाही, टिळक शेवटपर्यंत नारायण वामनच राहिले. त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली, आणि १९१७ साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला तोही आपल्या मातीतल्या भक्तीच्या रीतीनं. कुंकू, मंगळसूत्र, नऊवारी, भाकरी, यातलं काय ठेवायचं याच्यावर मंडळ्यांची मतं वेगवेगळी आहेत, पण साहेबी थाट म्हणजे ख्रिस्तीपण नव्हे एवढं नक्की.

त्यानंतरची वर्षं

पहिले सहा महिने मन भरलेलं असतं. मग एक दिवस प्रार्थनेला बसलात तर काहीच वाटत नाही. घाबरू नका, सगळ्यांचं होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी वरातीतलं वाजप राहत नाही पण संसार चालूच असतो, तसं आहे हे. वाटो न वाटो, पहाटे पंधरा मिनिटं शास्त्र आणि प्रार्थना धरून ठेवा. रविवार धरून ठेवा. कारखान्याच्या गळीत हंगामात शिफ्टमुळं रविवार चुकतो त्यांनी मधल्या वारी घरसभेला जायचं.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा. पण धर्म मिळाला तरी ख्रिस्त खऱ्या अर्थानं नंतर बऱ्याच वर्षांनी सापडला असं त्यांनीच पुढं सांगितलं. हिब्रू, ग्रीक शिकून शास्त्राचं मराठी भाषांतर त्या १९२२ मध्ये जाईपर्यंत करत होत्या. एवढ्या मोठ्या विदुषीला आयुष्य लागलं तर आपल्याला सहा महिन्यांत सगळं कळत नाही म्हणून खचायचं कारण नाही.

पैशाचं : दशांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, बऱ्याच मंडळ्या शिकवतात. कर्ज काढून देऊ नका, घरातली औषधं थांबवून देऊ नका, पण नियमित द्या. आणि त्याआधी व्यवहार साफ करा. हळदीच्या पोत्याचं वजन, द्राक्षाच्या पेटीत खालच्या थरात काय भरलंय, मजुराची राहिलेली हजेरी, हे सगळं देवाला दिसतं. बाप्तिस्मा घेतलेला माणूस वजनात मारतो हे गावाला कळलं की तुमच्या शंभर प्रार्थनासभा फुकट.

क्षमा हे सगळ्यात लांब चालणारं काम. त्या चुलतभावाकडं तुम्हालाच जावं लागेल, आणि एकदा जाऊन भागणार नाही.

मध्ये पडाल पण. येशूचा शिष्य पेत्र, त्यानं एका रात्रीत तीनदा येशूला नाकारलं आणि त्यालाच नंतर येशूनं "माझी मेंढरं पाळ" असं सांगितलं. दारू परत लागली, चर्च सुटलं, वर्ष गेलं, तरी या. पुन्हा बाप्तिस्मा घ्यायची गरज नाही, बहुतेक मंडळ्या तो एकदाच मानतात. आणि कुणाला खरंच सोडून जायचं असेल तर त्याला अडवायचा, बहिष्कार घालायचा हक्क कुणालाही नाही.

शेवटचं : मयत

हे आत्ताच ठरवून ठेवा, तरुण असलात तरी. माणूस गेल्यावर अंगणात भावकी एका बाजूला आणि चर्चचे लोक दुसऱ्या बाजूला उभे राहून दहन की दफन म्हणून भांडतात, दुःख बाजूला राहतं. त्यामुळं दफनभूमी कुणाच्या ताब्यात आहे, तिथं जागा मिळायला सभासदत्व चालू लागतं का, वर्गणी किती, हे मंडळीत विचारून घ्या. आपली इच्छा साध्या कागदावर लिहा, उपासना कोण घेईल, दहावा-तेरावा घरच्यांना करायचा असेल तर त्यांना करू द्यावा का तेही लिहा. तारीख घाला, सही करा, एक साक्षीदार चर्चचा आणि एक भावकीतला घ्या. एक प्रत पाळकसाहेबांकडं, एक घरात रेशनकार्डाच्या पिशवीत, आणि भावाला समोर बसवून एकदा मोठ्यानं वाचून दाखवा.